एका रोगाची सेवानिवृत्ती

राज्याचे दोन तुकडे करायचे ठरले, तेव्हा सर्वप्रथम विहिरी वाटल्या गेल्या. त्यात कुणाला काही अडचण आली नाही. ज्या छत्तीसगडात होत्या त्या छत्तीसगडला गेल्या, ज्या इकडे होत्या त्या इकडे राहिल्या, आणि एकाही विहिरीने बदली थांबवण्यासाठी आमदाराची चिठ्ठी आणली नाही. अडचण आली ती विहिरी मोजणाऱ्या माणसांची.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या मागल्या गल्लीत, एका जिलेबीवाल्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर कूपगणना संचालनालय होतं. राज्यातल्या सगळ्या विहिरी आणि पायऱ्यांच्या बावड्या मोजणं हे त्याचं काम. ग्वाल्हेरच्या आसपासच्या विहिरी दरवर्षी मोजल्या जात आणि दरवर्षी तेवढ्याच भरत, कारण मागच्या वर्षीचा आकडा उतरवून घेताना चूक होण्यासारखं काही नसतं. बस्तरच्या विहिरी मात्र कधीच कुणी मोजल्या नव्हत्या. त्या अंदाजे होत्या.

सन दोन हजारच्या दसऱ्याच्या सुमारास वरून आदेश आला: निम्मा कर्मचारीवर्ग नव्या राज्यात जाईल. मात्र गंभीर आजारी व्यक्तीस हलवू नये, असं माणुसकीचं एक कलम शेवटी जोडलेलं होतं. ते कलम वाचलं गेलं आणि आठवड्याभरात संचालनालयाची तब्येत पार ढासळली. आस्थापना शाखेचे मणके गेले. हिशेब शाखेला हृदय झालं. नकाशा शाखेतले दिनकरराव, जे रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळत, ते गळ्यात पट्टा घालून हजर झाले आणि तेव्हापासून पट्ट्यासकट खेळू लागले. खुद्द संचालक शरच्चंद्रसाहेबांना असा काही आजार जडला, की त्याचं नाव घेतलं तरी दम लागे. म्हणून ते नाव घेत नसत.

या सगळ्या रोगराईत एकच कर्मचारी खरोखर आजारी होती, आणि तिने छत्तीसगडला जाण्यासाठी अर्ज केला.

शामला इंगळे, वय एकतीस, राहणार हरिशंकरपुरम. तिला सिस्टिक फायब्रोसिस होता. जन्माचाच. म्हणजे इतरांच्या अंगात जे रस पाण्यासारखे वाहतात, ते तिच्या अंगात गुळाच्या पाकासारखे घट्ट. फुप्फुसांत कफ चिकटून बसे, आणि गोळी घेतल्याशिवाय पोटात अन्न पचत नसे. घामातून मीठ इतकं जाई, की उन्हाळ्यात तिच्या ओढणीवर पांढरी नक्षी उमटे. चौदाव्या वर्षी दिल्लीच्या डॉक्टरांनी तिचा घाम तपासून हा रोग पक्का केला होता. सरकारी नोकरीत घाम गाळल्याचा लेखी पुरावा असलेली संपूर्ण विभागात ती एकटीच.

रोज सकाळी तिचे वडील मल्हारराव, हजिऱ्याच्या एका गिरणीतून निवृत्त झालेले, तिला पालथं झोपवत आणि ओंजळीसारखे हात करून तिच्या पाठीवर थापा मारत. कफ सुटावा म्हणून. तरुणपणी गणपतीच्या भजनांना ढोलकी वाजवल्यामुळे त्यांचा हात आपोआप केरव्याच्या तालात पडे. शेजारच्या विजयाबाई या कॉलनीत नव्याने आल्या तेव्हा त्यांनी, एवढ्या घोडीएवढ्या मुलीला हा माणूस रोज ठेक्यात बडवतो, अशी पोलिसांत तक्रार केली होती. हवालदार आला, त्याने बसून ऐकलं, आणि "सम थोड़ी जल्दी आ रही है चाचा," एवढं सांगून गेला.

त्यानंतर शामला वाफेचं यंत्र तोंडाला लावून वर्तमानपत्र वाचे, दोन बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, आणि वर तुपाचा शिरा खाई, गोळ्या घेई आणि स्कूटर काढी. तिला भरपूर आणि तुपातुपाचं खा, असा डॉक्टरांचा हुकूम होता. कार्यालयातले अर्धे लोक मधुमेही. ते तिच्या डब्याकडे पाहत आणि आपल्याला साधा रोग दिल्याबद्दल देवावर नाराज होत. ती पोहत असे. रविवारी किल्ला चढत असे. खोकत असे तेव्हा जिन्याखालचा जिलेबीवालासुद्धा "बाईजी आ गईं" म्हणून चहा पाठवी.

पण आठ वर्षांत तिला एकही विहीर मोजू दिली नव्हती. दौऱ्याच्या यादीत तिचं नाव यायचं आणि कुणीतरी कळवळून ते खोडायचं. धूळ असते, ऊन असतं, खेडेगावात पायऱ्या खचलेल्या असतात. विहिरी मोजण्याच्या खात्यात विहिरीचं तोंड न पाहता ती दयेच्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे आकडे उतरवत होती. या कार्यालयात असा प्रघात होता की चालू नोकरीत कुणी वारलं, तर दुपारी शोकसभा होऊन अर्धी सुट्टी मिळे. शामला रुजू झाली तेव्हाच सगळ्यांनी मनात एक अर्धी सुट्टी जमा धरली होती. ती रजेवरून परत आली की लोकांना मनापासून आनंद होई, आणि त्या आनंदात किंचित काहीतरी कमी असे. मधल्या काळात दोन ठणठणीत माणसं गेली. त्यांच्या शोकसभेच्या खुर्च्या शामलानेच मांडल्या.

आता जगदलपूरला क्षेत्रप्रमुखाची जागा निघाली होती. अंदाजे विहिरी खरोखर मोजायच्या. तिने त्याच दिवशी अर्ज दिला.

बडे बाबू माधवरावांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"शामला बेटा, गडबड झालीय. तू 'जायचं आहे' लिहिलंयस. मधे 'नाही' राहिलं."

"राहिलं नाही काका. जायचंच आहे."

"बस्तरला? अगं, लोक तिथे जाऊ नये म्हणून आजारी पडतायत, आणि तुझ्याकडे तर घरचा, रेडीमेड आजार आहे! दिनकररावला बघ, बिचाऱ्याला एका पट्ट्यासाठी किती परेशान व्हावं लागलं. तुला काहीच करायचं नाहीये. नुसतं खोकायचं."

"ते मी तिथेही करीन."

माधवरावांनी आवाज खाली आणला. "बेटा, जरा आमचाही विचार कर. आपल्या दफ्तरात खरी पेशंट तू एकटी. तूच धडधाकट निघालीस, तर आम्ही सगळे काय तोंडाने आजारी राहायचं?"

हा मुद्दा बिनतोड होता. तो शरच्चंद्रसाहेबांपर्यंत पोचला आणि साहेबांचा दम आणखी वाढला. त्यांनी शामलाला बोलावून घेतलं, बसायला सांगितलं, पंखा बंद करवला, मग तिला घाम येईल म्हणून पुन्हा लावायला सांगितला.

"इंगळेबाई, शासन म्हणजे आईबाप असतं. तुम्हाला जंगलात पाठवून आम्ही रात्री झोपायचं कसं?"

"साहेब, तुम्हाला निद्रानाशाचं सर्टिफिकेट मिळालंय ना? माधवकाका सांगत होते."

साहेब काही क्षण स्वतःच्या आजाराकडे एकटक बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. वैद्यकीय मंडळ ठरवेल."

मंडळात एक दंतवैद्य होते, एक त्वचारोगतज्ज्ञ होते, आणि तिसरी जागा रिक्त होती. पण मत देताना तिलाही समान वजन दिलं जाई. दंतवैद्य डॉ. भटनागर अध्यक्ष होते. गेले पंधरा दिवस त्यांनी संचालनालयातल्या प्रत्येकाच्या मणक्यावर आणि हृदयावर विश्वास ठेवला होता. प्रत्येकाने गजकचा एकेक डबा आणल्यामुळे खोलीला तिळाचा वास येत होता. शामला रिकाम्या हाताने आत आली, तिथेच मंडळाला शंका आली.

"तकलीफ क्या है?"

"कुछ नहीं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तकलीफ नसलेला माणूस या खोलीत पहिल्यांदाच आला होता. शामलाने सगळं सांगितलं: फुप्फुसं, पोट, मीठ, गोळ्या, पाठीवरचा केरवा. मग म्हणाली, "बीमारी है, सर. पर मैं फिट हूँ. वही लिख दीजिए."

"दोनों?"

"दोनों."

"एक खाने में दो चीज़ें कैसे आएँगी?" असं म्हणून त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढवलं. त्वचारोगतज्ज्ञांनी पान शोधलं. पुस्तक जुनं होतं, आणि त्यात हा रोग बालरोगांच्या प्रकरणात दिलेला होता. सबब, शामलाला बालरोग विभागाकडे पाठवण्यात आलं.

बालरोग विभागात भिंतीवर ससे रंगवलेले होते. एका ठेंगण्या स्टुलावर, गुडघे हनुवटीला लावून, शामला दोन गोवरवाल्यांच्या मधे बसली. परिचारिकेने सवयीने तिच्या हातात एक टॉफी ठेवली आणि विचारलं, "मम्मी कहाँ है बेटा?" मग वर पाहिलं. टॉफी परत मागणं नियमात बसत नव्हतं, म्हणून ती शामलाने खाल्ली, आधी गोळी घेऊन. आतले डॉक्टर भले होते. त्यांना रोग ठाऊक होता, त्यांनी छाती नीट तपासली, "बहुत बढ़िया मेंटेन किया है" म्हणाले, पण लिहून द्यायला तयार होईनात. त्यांचा अधिकार बाराव्या वर्षापर्यंत होता.

शामला मंडळाकडे परत आली. मंडळाने परिस्थितीचा साकल्याने विचार केला. रोग बालकांचा आहे. बाई बालक नाही. तेव्हा दोनच शक्यता: एक तर हिला रोग नाही, किंवा हिला वय नाही. वय नसेल, तर आठ वर्षांपूर्वी शासनाने एका अज्ञान बालिकेला नोकरीला लावलं, आणि तो गुन्हा संचालकांवर येतो. रोग नसेल, तर इतकी वर्षं सरकारी दवाखान्यातून गोळ्या उचलल्या कशा, हा गुन्हा तिच्यावर येतो.

"सर, तिसरी गोष्टही असू शकते," शामला म्हणाली. "रोग बच्चों का था, बच्चे बड़े हो गए."

"किताब में नहीं है."

"पुस्तक छापलं तेव्हा आम्ही लहान होतो, सर."

त्वचारोगतज्ज्ञ हसले. अध्यक्षांनी रिक्त खुर्चीकडे पाहिलं. ती गंभीर होती. मंडळ अनुकूल नाही, हे ओळखून शामलाने शेवटचा डाव टाकला. "मला किल्ला चढायला लावा. वरपर्यंत गेले तर फिट लिहा, नाही गेले तर जे लिहायचं ते लिहा."

ही सूचना मान्य झाली, कारण उरवाई दरवाजाने किल्ल्यावर मोटार जाते हे मंडळाला माहीत होतं. शामलाने हजिऱ्याकडचा दरवाजा निवडला. तिथून फक्त पायी जाता येतं.

रविवारी सकाळी चाचणी ठेवली. पायथ्याशी मल्हाररावांनी लेकीची पाठ जास्तच वेळ वाजवली. हात जरा बेताल पडत होता.

"बाबा, ठेका चुकतोय तुमचा."

"चुकू दे. ते डाक्टर लोक नाही म्हणाले तर बरं, असं एक मन म्हणतंय माझं," मल्हारराव म्हणाले. "आणि नाही म्हणाले तर त्यांची दातखीळ बसवीन, असं दुसरं म्हणतंय. तिकडे तुझी पाठ कोण वाजवेल?"

"माणसं असतील की तिथे. हातवाली."

मल्हाररावांच्या वडिलांची, उमाजींची, पलटण, ग्वाल्हेर संस्थानाच्या विलीनीकरणात, एका दिवसात दुसऱ्याच फौजेची झाली होती, आणि तेव्हाही घरातून कुणी काही बोललं नव्हतं. त्यांनी लेकीच्या पिशवीत मिठाच्या पाण्याची बाटली सरकवली आणि तिची वेणी उगाच सरळ केली.

चढण सुरू झाली. शामला आपल्या चालीने निघाली. मधे थांबायची, कठड्याला धरून खोकायची, कफ झाकणाच्या डबीत टाकायची, मिठाचं पाणी प्यायची आणि पुन्हा चालू लागायची. मागे डॉ. भटनागर होते. त्यांच्या मागे त्वचारोगतज्ज्ञ होते, पण पहिल्याच वळणावर ते दगडावरच्या शेवाळाचं निरीक्षण करायला बसले ते बसलेच. आणि सगळ्यांच्या पुढे, तमाशा चुकू नये म्हणून, जवळजवळ धावत, संपूर्ण कूपगणना संचालनालय चढत होतं. मणके होते, हृदयं होती, पट्टा होता. दिनकररावांच्या डोक्यावर कचोऱ्यांची टोपली होती. ते उलटं वळून, मागे मागे चालत ओरडत होते, "डॉक्टरसाब, जल्दी आइए, गरम हैं!"

मंडळाने त्यांना पाहिलं नाही. पाहणं शक्यच नव्हतं. मंडळाच्याच निर्णयानुसार ते सर्व जण त्या वेळी अंथरुणावर होते.

शेवटच्या दरवाजाच्या अलीकडे डॉ. भटनागर मटकन खाली बसले. चेहरा जांभळा, श्वास भात्यासारखा, घशात काहीतरी घरघरत होतं. शामला परत खाली आली, त्यांना वाकवून बसवलं, हातांच्या ओंजळी केल्या आणि पाठीवर केरवा सुरू केला. चार आवर्तनांत डॉक्टरांनी खाकरून जे बाहेर टाकलं, ते बहुधा कॉलेजच्या दिवसांपासून आत होतं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. डोळे उघडून खाली पसरलेलं ग्वाल्हेर पाहिलं.

"बाय गॉड," ते म्हणाले, "ये हवा पहले कहाँ थी?"

"इथेच होती, सर. तुमच्याकडे जागा नव्हती."

आता तिला फिट म्हटल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण रोगाचं काय करायचं? रोग खोटा म्हणावा तर दिल्लीचा घाम आडवा येतो. खरा म्हणावा तर पुस्तक आडवं येतं. मंडळ कचोरी खात विचार करत राहिलं आणि अखेर रिक्त जागेच्या एकमुखी पाठिंब्याने निर्णय झाला: "सदर रोग हा बालवर्गातील असून, कर्मचाऱ्याने वयोमर्यादा ओलांडल्यामुळे तो नियमानुसार सेवानिवृत्त झालेला आहे. कर्मचारी कामास योग्य."

शामलाला बदलीचा हुकूम मिळाला. तिच्यासोबत जाणारं दुसरं कुणीच योग्य नसल्यामुळे, नव्या राज्याच्या वाट्याला आलेली कूपगणनेची सर्व पदं, शिपायापासून संचालकापर्यंत, तात्पुरती तिच्याकडेच सोपवण्यात आली. शरच्चंद्रसाहेबांनी ऐकलं की ती आता त्यांच्या बरोबरीची झाली, तेव्हा त्यांना पहिल्यांदाच खरोखर छातीत दुखलं.

दोन दिवसांनी सरकारी दवाखान्याने तिच्या गोळ्या बंद केल्या. रोगच निवृत्त झाला, मग गोळ्या कुणाला द्यायच्या?

माधवरावांनी मान हलवली. "बोललो होतो ना मी? आता थांबून जा बेटा. पुन्हा आजारी हो. मी करून देतो सगळं."

शामलाने डोकं खाजवलं. गोळ्यांशिवाय जाणं म्हणजे जेवणाशिवाय जाणं, हे तिला कळत होतं. संध्याकाळी ती माधवरावांच्या टेबलाशी आली.

"काका, सेवानिवृत्ताला पेन्शन असते ना?"

"असते. का?"

"माझा रोग एकतीस वर्षं एकही रजा न घेता कामावर होता. त्याला पेन्शन नको का?"

हळूहळू माधवरावांच्या डोळ्यांत ती चमक आली, जी हाडाच्या बाबूच्या डोळ्यांत फक्त न सापडलेला नियम सापडल्यावर येते. त्यांनी बाह्या सरसावल्या. पेन्शन घेणारा माणूसच असला पाहिजे, असं नियमांत कुठेही म्हटलेलं नव्हतं. तो हयात असला की पुरे. आणि रोग हयात होता. खोकला दारापर्यंत ऐकू येत होता. वित्त विभागाने महिनाभर हरकत शोधली, ती न सापडल्यामुळे चिडून मंजुरी दिली. सेवानिवृत्त रोगास निर्वाहासाठी दरमहा गोळ्या, आजीव. अट एकच: दर नोव्हेंबरात रोगाने स्वतः हजर राहून आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा.

"तो माझ्यासोबतच येईल," शामलाने कळवलं. "एकट्याने प्रवास करायची त्याला सवय नाही."

स्टेशनवर सगळं संचालनालय पोचवायला आलं होतं. मल्हारराव डब्यात चढून सामान लावून देत होते आणि गाडी सुटायच्या वेळेलाही उतरायचं नाव घेत नव्हते. लोकांनी शामलाचा हात हातात घेतला, डोळे पुसले, "तब्येतीला जप" म्हणाले. त्यांच्या नजरेत ती आता शेवटचीच दिसत होती. हिशेब शाखेतलं हृदय तर हुंदके देत होतं. गाडी हलली, मल्हारराव उडी मारून उतरले, आणि शामलाने खिडकीतून ओरडून विचारलं, "दिनकरकाका, पट्टा उलटा घातलाय का?"

जगदलपूरला तिने पहिल्या हिवाळ्यातच स्वतः विहिरीत उतरून मोजणी सुरू केली. तिथला एक ढोल वाजवणारा रोज सकाळी तिची पाठ वाजवतो. त्याचा ठेका निराळा आहे, कफ लवकर सुटतो, आणि मल्हाररावांना हे फोनवर सांगितल्यापासून ते जरा रुसलेले आहेत. मधे दोन वेळा ती आठवडाभर दवाखान्यात होती. दोन्ही वेळा सलाइन संपलं तशी पुन्हा विहिरीवर गेली. बस्तरच्या विहिरी अंदाजापेक्षा खूप जास्त निघाल्या. ती चाळिशीला पोचली, तेव्हा तिने केक कापला आणि सगळा खाल्ला.

एवढ्यावर गोष्ट संपते. आता वाचकांपैकी ज्यांनी रोगाचं नाव वाचल्याबरोबर मनातल्या मनात शेवटचा परिच्छेद लिहून ठेवला होता, आवाज घोगरा करून घेतला होता, आणि "काय जिद्द होती हो पोरीची" हे वाक्य भूतकाळात घोटून ठेवलं होतं, त्यांची गैरसोय झाली याबद्दल शामला मनापासून दिलगीर आहे. समक्ष येऊन माफी मागितली असती, पण ती कामात आहे. तुम्ही बसा निवांत. तुम्हाला जर कंटाळा आला, तर आधी तुम्ही निघा. तुमच्यासाठी खुर्च्या मांडायला ती येईल.